होळीच्या आठवड्यातली पाहुणी

१

बारशाच्या दिवशी सकाळी पाटलांच्या अंगणात छान ऊन पडलं होतं. कोणीतरी म्हणालं, "लेकराले जरा उजेडात आणा वं, तोंड तं पाहू द्या!" गीताबाईंनी नातवाला अंगणात आणलं, टोपडं सारखं केलं, हनुवटी बोटानं वर उचलली, अन् समोरच्या बायका एक पाऊल मागं सरल्या.

बाळाच्या दोन्ही डोळ्यांत, बाहुलीत जिथं काळं असायला हवं तिथं पांढरं होतं. ताकाचा थेंब पडावा तसं.

"माय वं!" गीताबाई ओरडल्या. "माह्या नातवाचे डोळे जाळले त्या नर्सनं!"

हे मला मागून कळलं. मी तेव्हा मोताळ्याच्या दवाखान्यात कापसाच्या घड्या करत बसले होते. मी सरस्वती, तिथली नर्स. सन शेहेचाळीसची गोष्ट. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. दिराच्या दारात भाकर मागायची नाही असं ठरवून मी नागपूरला ट्रेनिंग घेतलं अन् सी.पी. अन् वऱ्हाड प्रांताच्या सरकारची नोकरी धरली. नागपूरनं माझ्या बोलण्याला इस्त्री केली खरी, पण राग आला की अजूनही वऱ्हाडीच बाहेर पडते. अन् राग मला फार लवकर येतो, हे आधीच सांगून ठेवते.

दुपारी खुद्द शेषराव पाटील रोहिणखेडहून येऊन दवाखान्याच्या दारात उभे राहिले. "काय घातलं वं माह्या नातवाच्या डोळ्यात?"

"डोळे येऊ नयेत म्हणून औषधाचे दोन थेंब," मी म्हटलं. "जन्मल्याबरोबर घालायचे असतात. प्रत्येक बाळाला घालते मी."

"दाखव ते औषध."

मी बॅग उघडली. कात्री होती, दोरा होता, साबण होता. तपकिरी शिशी नव्हती. त्यांच्याकडून आल्यापासून ती मला दिसलीच नव्हती, कुठंतरी कपाटात राहिली असेल असं मी बारा दिवस धरून चालले होते. कपाटात नव्या तीन शिश्या होत्या, बुचं न काढलेल्या. उघडलेली ती नव्हती.

पाटील माझ्याकडं पाहत राहिले. "लपवली," ते म्हणाले, अन् तडक बुलढाण्याला अर्ज द्यायला गेले.

२

चौथ्या दिवशी बुलढाण्याहून चौकशीला डॉक्टर भगवंतराव आले. लढाईवरून नुकताच परतलेला माणूस, मिसर देशात लष्करी दवाखान्यात काही वर्षं काढलेली. दाढेखाली कायम लवंग, अन् खुर्ची दिली तरी उंबऱ्यावरच बसणार. मला म्हणाले, "बाई, मला दोन दिवसांत कागद द्यायचा आहे. औषध चुकलं असेल तर तुमची नोकरी जाईल, अन् पाटील फौजदारी लावणार ते वेगळंच. तेव्हा खरं सांगा."

"खरंच सांगून राह्यली मी!" माझा पारा चढला. "खोटं बोलायचं असतं तं त्या तिनातली एक शिशी फोडून नसती दाखवली पाटलाले?"

ते हसले. "हे मात्र पटलं मला."

मला हसू येत नव्हतं. नोकरी गेली की दिराचं दार. अन् त्याहून वाईट म्हणजे, तालुक्यातली एकही बाई पुन्हा मला आपल्या बाळाला हात लावू देणार नव्हती. दोन वर्षं घरोघर फिरून, शिव्या खाऊन, मी त्या बायांचा भरवसा मिळवला होता. तो एका सकाळीत गेला होता.

बैलगाडीनं रोहिणखेडला गेलो. पाटलांच्या घरी मला पायरीखालीच थांबवलं. डॉक्टरांनी हॅट काढली. "ह्या आत आल्या तर मी येईन," म्हणाले, अन् तिथंच पायरीवर बसले. शेवटी दोघांनाही आत घ्यावं लागलं. त्या माणसाचे उपकार मोजायला बसले तर पहिला हा.

बाळंतिणीच्या खोलीत शालू होती, पाटलांची धाकटी सून, जेमतेम एकोणीस वर्षांची. रडून रडून चेहरा सुजला होता. डॉक्टरांनी बॅटरी काढली अन् बाळाच्या डोळ्यावर बाजूनं उजेड धरला. "बाई, इकडून पाहा. वरचा पडदा कसा आहे?"

"काचेसारखा साफ."

"अन् पांढरं?"

"आत आहे. बाहुलीच्या मागं, खोल." म्हणता म्हणता माझ्याच लक्षात आलं. "औषधानं जळलं असतं तर आधी वरचं जळलं असतं!"

"हे तुम्हाला कळलं, मला कळलं. पाटलांना कसं कळावं?" मग त्यांनी नळी बाळाच्या छातीला लावली, बराच वेळ ऐकलं, अन् माझ्या कानात दिली. दोन ठोक्यांच्या मधे फुसफुस ऐकू येत होती. भात्याला भोक पडलं की येते तशी.

जन्माच्या वेळी मी हे काहीच पाहिलं नव्हतं. संध्याकाळची वेळ, कंदिलाचा उजेड, बाळाच्या पापण्या सुजलेल्या. थेंब घातले अन् झाकलं. ते माझ्या मनाला आजही लागतं.

"आता सांगा," डॉक्टर हळूच म्हणाले, "डोळ्यात घातलेले थेंब काळजापर्यंत गेले कसे?" अन् मी उत्तर द्यायच्या आत ते गीताबाईंकडं वळले. "आजी, होळीला तुमच्या घरी पाहुणं कोण आलं होतं?"

आम्ही सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडं पाहत राहिलो. लेकरू जन्मलं आश्विनात, अन् हा माणूस फाल्गुनातली होळी विचारतो! मला वाटलं, लढाईत ह्यांच्या डोक्यावर काहीतरी पडलं असावं.

गीताबाईंनी मात्र हातातला तांब्या खाली ठेवला. "कोणीच नाई," म्हणाल्या, अन् चुलीकडं निघून गेल्या.

३

त्या बारा दिवसांत घरच्यांखेरीज बाळाला हाताळणाऱ्या दोघीच. एक मी. दुसरी झुंबरबाई, गावची जुनी सुईण. दुसऱ्या दिवसापासून बाळाला न्हाऊ तीच घालायची, अन् पाचवीला पहिलं काजळही तिनंच घातलं होतं. मी तालुक्यात आल्यापासून तिची बोलावणी कमी झाली होती, त्यामुळं मी दिसले की ती तोंड फिरवून थुंकायची. घरच्यांपैकी गाव एकीकडंच बोट दाखवत होतं, ती कोकिळा, शालूची थोरली जाऊ. तिला तिन्ही मुलीच. धाकटीला पहिल्याच झटक्यात मुलगा. अन् तिसऱ्या दिवशी कोकिळा एकटीच बाळाच्या डोळ्यांपुढं काहीतरी हलवत होती, असं मोलकरणीनं पाहिलं होतं.

आधी झुंबरबाईकडं गेलो.

"काजळ?" म्हातारी कडाडली. "चाळीस वर्सं झाले काजळ घालून राह्यली मी! अर्ध्या गावाचे डोळे माह्या काजळाचे हायेत! अन् हे पाहा, हे सरकारी बाई, दहा दहा डाव साबणानं हात धुते. जशी काई आमच्या घरी घाणच भरली हाये!"

"दहा डाव नाई, तीन डाव!" मी म्हटलं. "तुमी एक डाव तरी धुत जा न!"

"तुम्ही दोघी भांडा," डॉक्टर म्हणाले, "मी तोवर बाळ पाहतो." झुंबरबाईच्या लेकीची मुलगी झोळीत झोपली होती. "ही कधीची?"

"पाटलाच्या नातवापरस चार दिसानं लहान."

डॉक्टरांनी तिच्या पापण्या उघडून पाहिल्या. "डोळे फार स्वच्छ आहेत. चिपड नाही, पाणी नाही. काय घालता हो?"

"देवाची किरपा," म्हातारी म्हणाली, अन् पहिल्यांदाच तिनं आमच्याकडं न पाहता उत्तर दिलं.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "हिचा संशय येतो का तुम्हाला?"

"येतो," डॉक्टर म्हणाले. "पण ज्याचा तुम्हाला येतो, त्याचा नाही."

४

कोकिळा विहिरीवर भेटली. डॉक्टर काही विचारायच्या आधीच तिनं कळशी आपटली.

"माह्यावरच येणार होतं हे, मले माईत होतं. तीन पोरी झाल्या की बाई चेटकीणच असते!"

"ताई," डॉक्टर म्हणाले, "तिसऱ्या दिवशी काय हलवत होतात?"

"हात. माहा हात." तिचा आवाज उतरला. "सांजच्याले दिवा लावला, लेकरू जागंच होतं. पण दिव्याकडे पाहेच ना. माह्या तिन्ही पोरी तिसऱ्या दिसी दिव्याकडे टकमक पाहेत. म्हणून म्या हात हलवून पाह्यला. पापणीबी नाई हलली त्याची."

"मग सांगितलं का नाही कोणाला?"

"काऊन सांगू? सांगतलं असतं तं म्हणले असते, हिनंच केलं." अन् ती रडायला लागली. "नऊ दिवस मी एकटीच जाणत होती. कोणाच्याच ध्यानात कसं येत नाई, म्हणून झोप नव्हती मले."

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या घरात त्या लेकरासाठी पहिली झुरली ती हीच, अन् गावानं चेटकीण ठरवलं तेही हिलाच.

परत येताना डॉक्टर बोटं मोजत होते. "तिसऱ्या दिवशी दिसत नव्हतं. काजळ पाचव्या दिवशी पडलं. म्हणजे झुंबरबाईचं काजळ सुटलं. कोकिळाबाईंनी इजा केली असती तर वरचा पडदा साफ राहिला नसता, अन् स्वतःहून तिसरा दिवस त्यांनी आपल्याला सांगितला नसता. त्याही सुटल्या."

"अन् मी?"

"तुमचे थेंब पहिल्या दिवसाचे," ते म्हणाले. "गावाच्या हिशेबानं आता तुम्ही एकट्याच उरता."

तेवढ्यात मागून कोणीतरी हाक मारली. झुंबरबाई काठी टेकत लगबगीनं येत होती. जवळ येऊन तिनं पदराखालून हात काढला. हातात तपकिरी शिशी होती.

"म्या चोरली," ती म्हणाली. "लेकरू झालं त्या दिसी पाहाले म्हणून मी पाटलाच्या घरी गेलती, हिची पेटी उघडी होती. हिच्या हातच्या लेकराईचे डोळे येत नाईत, हे दोन वर्सं पाहून राह्यली मी. माह्या हातच्याईचे येतात. म्हणून नेली. माह्या नातीच्या डोळ्यात म्या माह्या हातानं ह्याच शिशीतले थेंब घातले. पाह्यले न तुमी तिचे डोळे? ह्या औषधात खोट असती तं ते पयले गेले असते!"

डॉक्टरांनी शिशीवरची चिठ्ठी वाचली, उजेडात धरून पाहिली, अन् नीट खिशात ठेवली.

"शेषराव इले तुरुंगात घालतो म्हणून राह्यला," म्हातारी पुढं म्हणाली. "मले इचं तोंड आवडत नाई. पण म्हणून इचं वाटोळं व्हावं, असं नाई वाटत मले."

ती नको नको म्हणत असताना मी तिच्या पाया पडले. म्हातारीनं मला काठीनं ढोसलं अन् म्हणाली, "ऊठ, हात धुवून घे आता, तीन डाव!"

५

"म्हणजे दोष बाहेरून आलाच नाही," डॉक्टर म्हणाले. आम्ही चिंचेखाली गाडी सोडून बसलो होतो. "बाळ पोटातूनच तसं आलं. आता माझी होळी ऐका. मिसरमधे माझ्या शेजारच्या वॉर्डात ऑस्ट्रेलियाचा एक डॉक्टर होता. त्याला घरून पत्र आलं. तिकडच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरकडं एकाच वर्षात कितीतरी तान्ही बाळं आली, सगळ्यांच्या बाहुलीत आतून पांढरं, अन् पुष्कळांच्या काळजात फुसफुस. त्यानं आयांना विचारत विचारत एक गोष्ट शोधली. सगळ्यांना पोटुशेपणात, पहिल्या दोन-तीन महिन्यांत, हलका गोवर झाला होता. तीन दिवस राहतो, बारीक लाल पुरळ, कानामागं गाठी, ताप असला तर असला. जर्मन गोवर म्हणतात त्याला."

"जर्मनांनी इथंबी लढाई आणली म्हणा की."

"नाव तेवढं त्यांचं. बाईला काहीच वाटत नाही, चौथ्या दिवशी ती कामाला लागते. पण तेव्हाच आत बाळाचे डोळे, कान, काळीज घडत असतं. रोग तिथं शिरतो. आता आश्विनातून मागं मोजा."

मी मोजलं. तिसरा महिना लागतो फाल्गुनात. होळी! मग माझ्याच्यानं राहवेना, आम्ही परत पाटलांकडं गेलो. मी शालूजवळ बसले अन् विचारलं, "बाई, तिसऱ्या महिन्यात अंगावर काही आलं होतं का तुझ्या?"

शालूनं आठवून पाहिलं. "पाडव्याच्या सुमाराले, माहेरी होती मी. घामोळ्या आल्यात्या. माय म्हणे उन्हाच्या हायेत. तीन दिसात गेल्या."

डॉक्टरांचे डोळे चमकले, पण लगेच ते विचारात पडले. "'घामोळ्याच होत्या त्या,' असं म्हणून पाटील मोकळे होतील. दोन-अडीच आठवडे आधी, म्हणजे होळीच्या सुमारास, कोणाचा तरी हा रोग तिला लागलेला असला पाहिजे. तुमच्या माहेरी होळीला कोणी आजारी होतं?"

"कोणीच नाई."

"अन् इथं?"

दारात उभी असलेली कोकिळा म्हणाली, "इथं होती की. माही मधली, भामा. होळीच्याच दिसी तिच्या अंगावर मातामाय आली, पुरळाची देवी. बारीक बारीक लाल. तीन दिसात निघून गेली, डागबी नाई ठेवला. पण तवा शालू कुठी इथं होती? चोरचोळीले, तिसऱ्या महिन्याची चोळी घ्याले, ती होळीच्या आधीच माहेरी, धामणगावले गेलती. पाडव्यानंतर आली."

घरातल्या प्रत्येकानं हेच सांगितलं, अन् ते खरंही होतं. आम्हाला रोग सापडला होता, पण रोग होता रोहिणखेडात अन् शालू होती धामणगावात. मधे कित्येक कोसांची वाट.

६

भामा सहा वर्षांची, समोरचे दोन दात पडलेली. डॉक्टर तिच्यासमोर मांडी घालून बसले.

"काय गं, तू होळीला देवी झाली होतीस म्हणे?"

"हाव!" पोरीची मान ताठ झाली. "मी मातामाय झालती. सारे माह्या पाया पडले. बाबाबी!"

"मग?"

"मंग तिसऱ्या दिसी आजीनं मले निंबाच्या पाण्यानं आंघोळ घातली अन् बैलाच्या बंडीत बसवून देवळात नेलं. नदीच्या तिकडच्या. मातामायले पोचवाले. पाटावर बसवलं मले. दहीभात देल्ला. एक घास म्या खाल्ला अन् अर्धा उष्टा काकूले भरवला." ती खुदकन हसली. "येवढी मोठी काकू, अन् माह्या पाया पडली!"

मी पुढं सरकून बसले.

"कोणती काकू, भामाबाई?" डॉक्टरांनी अगदी सहज विचारलं.

"शालूकाकू. हिरवी नवी चोळी होती तिची. माह्या हातानं तिची ओटी भरली आजीनं. मले मांडीवर घेऊन बसलती काकू, लय वेळ. पण आजी म्हणे कोणाले सांगजो नोको, फळ जाते. तुमी तं डॉक्टर हा, तुमाले चालते न?"

"भामे!"

दारात गीताबाई उभ्या होत्या. चेहरा चुन्यासारखा पांढरा.

७

चुलीजवळ आम्ही तिघंच बसलो. त्या माउलीनं काहीच लपवलं नाही.

"तीन नाती झाल्या होत्या," त्या म्हणाल्या. "शालूले दिवस गेले, तिसरा लागला होता. बाहेर कोणाले सांगतलं नव्हतं. तेवढ्यात भामीच्या अंगावर माय आली, अन् अशी दयाळू आली का तीन दिसात निघून गेली. म्या म्हटलं, इतकी सौम्य माय पुन्हा कवा घरी येईन? तिच्याच हातानं शालूची ओटी भरली पाह्यजे. शालूच्या मायले निरोप धाडला, तिले देवळात आणवलं, अन् तिलेबी कोणाले सांगू नोको म्हटलं. पोरगा मांगतला म्या. भामीच्या तोंडचा घास माह्या हातानं शालूच्या तोंडाशी नेला." त्यांनी दोन्ही हात पुढं धरले, जणू दुसऱ्याचे असावेत. "तुमी होळीचं इचारलं तवाच माह्या काळजात धस्स झालं होतं. पण म्या म्हटलं, माय असं काऊन करीन?"

"मायनं काही केलं नाही, आजी, अन् तुम्हीही नाही," डॉक्टर म्हणाले. "हे पाच वर्षांपूर्वी साऱ्या जगात कोणत्याच डॉक्टरला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. माझ्या घरात असं झालं असतं तर मीसुद्धा हसत बायकोला पाटासमोर बसवलं असतं. पुढचं ऐका. अकोल्याला डोळ्यांचे सर्जन आहेत. लेकरू सहा महिन्यांचं झालं की शस्त्रक्रिया करतील. जाड चष्मा लागेल, सगळं दिसणार नाही, पण एका डोळ्याला तरी उजेड मिळेल. काळजाची फुसफुस मी दर महिन्याला ऐकत जाईन."

"अन् उद्या चावडीवर?" गीताबाईंनी विचारलं. "तुमचा निकाल ऐकाले सारं गाव येणार हाये."

"उद्या मी एवढंच सांगीन की दोष पोटातला आहे, नर्सचा नाही. तुमचं नाव माझ्या तोंडून निघणार नाही."

बाहेर आल्याबरोबर मी उसळले. "वा रे वा! पाच दिवस गाव मले डोळेजाळी म्हणून राह्यलं, अन् तिचं नाव झाकाचं? उद्या मीच सांगतो सगळ्याईले!"

"सांगा," डॉक्टर म्हणाले. "तुमचा हक्कच आहे. मी अडवणार नाही."

मी बंडीत बसले. रस्ताभर मनात शब्द जुळवले. पण जुळवता जुळवता मला विहिरीवरची कोकिळा आठवे. नातवाचे डोळे जिनं घालवले ती बाई म्हणून गीताबाईंकडं गाव बोट दाखवील, तिची सून रोज तिच्याकडं पाहील. पाच दिवसांत माझं काय झालं होतं ते मला ठाऊक होतं. तिला ते जन्मभर पुरलं असतं. मोताळा येईपर्यंत माझा राग कुठं गेला, मलाच कळलं नाही. नोकरी राहिली तर राहिली, मी तोंड उघडणार नाही असं ठरवलं.

८

चावडीवर सारं गाव लोटलं होतं. डॉक्टरांनी शिशी दाखवली. झुंबरबाईनं भर सभेत आपली चोरी सांगितली अन् नात सगळ्यांपुढं धरली. कोकिळानं तिसऱ्या दिवसाचं सांगितलं. "दोष पोटातूनच आला आहे," डॉक्टर म्हणाले. "नर्सबाई निर्दोष आहेत."

"पोटातूनच?" शेषराव उठले. "काऊन? माह्या खानदानात कोणी आंधळं नाई. कोणता रोग? कुठून आला? कारण सांगता येत नाई, म्हणजे सरकारी माणूस सरकारी बाईले वाचवून राह्यला!"

लोक कुजबुजायला लागले. कोणीतरी मागून म्हणालं, "हाव, बराबर हाये." मी समोर बसले होते. एका वाक्यात सुटता आलं असतं. मी पदराचं टोक दातांत धरलं.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. गीताबाई येत होत्या. पाटलाची बायको, चाळीस वर्षांत चावडीची पायरी न चढलेली. डोईवर पदर, कडेवर नातू. नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"कारण मी सांगतो," त्या म्हणाल्या. "रोग भामीच्या अंगावर आला होता. म्याच तिले शालूजवळ नेलं. म्या माह्या हातानं तिचा उष्टा घास शालूले देल्ला. माय समजून देल्ला. ह्या बाईले काल सारं माईत झालं होतं. ते आतापावतर बोलली नाई. माहं नाव झाकून बसली." त्यांनी नातवाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "म्या तिले डोळेजाळी म्हटलं. साऱ्या गावाच्या देखत म्हटलं, म्हणून साऱ्या गावाच्या देखतच सांगून राह्यली. अन् बायाहो, ज्या घरी पोटुशी बाई असन, तिनं अंगावर पुरळ आलेल्या लेकराजवळ जाऊ नोको. माय रागवत नाई. माह्यावर सोपवा, तिच्या पाया मी पडीन तुमच्या वाटचं."

शेषराव खाली बसले. शालू बायकांतून उठून आली अन् सासूच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी दातांतलं पदराचं टोक सोडलं अन् पुढं होऊन गीताबाईंच्या कडेवरचं लेकरू घेतलं.

फौजदारी झाली नाही, नोकरी राहिली. त्या हिवाळ्यात रोहिणखेडातून मला अकरा बाळंतपणांची बोलावणी आली, अन् त्यातल्या सात घरी झुंबरबाई पाणी उकळून माझी वाट पाहत बसलेली असायची. फाल्गुनात गावात पुन्हा लेकरांच्या अंगावर बारीक लाल आलं. तेव्हा गीताबाई काठी घेऊन दारोदार फिरल्या अन् तीन पोटुश्या सुनांना त्यांनी माहेरी धाडून दिलं. पुढं त्या तिघींना झालेल्या लेकरांचे डोळे मी स्वतः भर उजेडात पाहिले. काळेभोर होते.

त्याच चैत्रात आम्ही मलकापूरहून रेल्वेनं अकोल्याला गेलो. शालू, तिचा नवरा, गीताबाई अन् मी. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघायची त्या दिवशी भगवंतराव बुलढाण्याहून मुद्दाम आले अन् दाराच्या उंबऱ्यावर बसले. शालूनं लेकराला मांडीवर घेतलं होतं. सर्जनांनी पट्टीचा शेवटचा वेढा हातात धरला अन् म्हणाले, "आजी, तुम्ही समोर या."

गीताबाई जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी माझं मनगट धरलं अन् मला पुढं ढकललं.

"मी नाई," त्या म्हणाल्या. "पयले तू जा वं. त्यानं पयलं तोंड तुहं पाह्यलं पाह्यजे."

मी डोळे पुसले अन् लेकराच्या समोर जाऊन बसले.